कर्जतचं रिकामं बाकडं

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर डेपोच्या गाड्या घेऊन त्यांनी निम्मा महाराष्ट्र पालथा घातला. कुठल्या घाटात कुठलं वळण फसवं आहे आणि कुठल्या स्टँडवरचा चहा प्यावा, हे त्यांना पाठ असायचं. मग साखर निघाली, साखरेच्या मागून ब्लडप्रेशर आलं आणि शेवटी किडन्या गेल्या. चार वर्षांपूर्वी डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातले हे तीन दिवस मशीनचे, आणि मधले दिवस त्याचा थकवा काढण्याचे. गाव सोडायचं नाव आम्ही त्यानंतर घेतलंच नव्हतं.

म्हणून माझी धाकटी बहीण शैला हिनं प्राजक्ताचं, म्हणजे तिच्या मुलीचं, लग्न ठरल्याचा फोन केला तेव्हा मी आनंद व्यक्त केला आणि वर "आम्हाला जमायचं नाही गं" असंही सांगून टाकलं. फोन ठेवला तर हे बाजूला बसून ऐकत होते.

"का जमायचं नाही?" हे म्हणाले. "कर्जतला मशीन नसेल का?"

हा प्रश्न मला चार वर्षांत सुचला नव्हता. चौकशी केली, तर कर्जतमध्ये एका दवाखान्यात डायलिसिसची सोय होती. आधी कळवलं, रिपोर्ट पाठवले आणि जागा असली तर पाहुण्या पेशंटलाही घेतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा पेशंट असेल आणि तुम्हीही माझ्यासारखं गृहीत धरून बसला असाल, तर एवढं जरूर विचारून बघा. शनिवारचं डायलिसिस उरकून आम्ही रात्रीच्या गाडीत बसलो. मंगळवार आणि गुरुवार कर्जतला, शुक्रवारी लग्न, आणि शनिवारी पुन्हा सोलापूरच्या मशीनवर, असा बेत होता.

केळवली, रविवार

कर्जतला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. डिसेंबरची थंडी होती, पण आमच्याकडची कोरडी नव्हे. अंगाला ओलसर लागणारी. नामदेवराव, म्हणजे शैलाचे यजमान, गाडी घेऊन आले होते. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि सोलापूरला नोकरीला असताना ही सोयरीक जुळली. पुढे ते कुटुंब मूळ गावी परतलं. नामदेवराव खालापूरकडच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतात आणि घरचं भातही पिकवतात.

"भाऊ, हळू उतरा, पायरी उंच हाय," त्यांनी यांचा हात धरला. "ताई, बॅगा राहू द्या तुमी. मी हाय ना."

केळवलीच्या स्टेशनापासून थोडं आत त्यांचं गाव आहे. वाटेत एका बाजूला माथेरानचं सपाट पठार आणि दुसऱ्या बाजूला घाटाची उभी भिंत. सोलापूरला नजर टाकली की थेट क्षितिजापर्यंत जाते. इथे कुठेही टाका, डोंगराला जाऊन थडकते. भात कापून झालं होतं. उरलेल्या ओलीवर वाल तरारून आला होता, आणि दर दोन शेतांआड फार्महाऊसच्या प्लॉटचा बोर्ड. हे खिडकीला नाक लावून प्रत्येक वळण बघत होते. "इथं मी आलोय," मधेच म्हणाले. "रस्ता तेव्हा एवढासा होता."

लग्नघरी दुपारच्या पानात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. आमच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याला ही तांदळाची भाकरी पहिल्यांदा पापुद्र्यासारखी वाटते, आणि तिसरी कधी संपली ते कळत नाही. बोंबील म्हणजे मीठच. मी डोळे वटारले, पण यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं. चार वर्षं माझ्या हातचं आळणी जेवलेला माणूस. मीही मग दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी पोपटी लावली. रायगडात न गेलेल्यांसाठी सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ. तोंड पुन्हा पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. सगळं त्या पाल्याच्या वाफेवर शिजतं, आणि मडकं उघडल्यावर जो वास येतो तो मला लिहून सांगता येणार नाही. यांच्या वाट्याला दोन-तीन शेंगा आणि अंड्याचं पांढरं एवढंच आलं, तरी चेहरा बघण्यासारखा होता.

जाळाशी बसताना नामदेवरावांनी बूट-मोजे काढले. उजेड त्यांच्या पायांवर पडला. मोज्याचं रबर जिथे होतं तिथे खोल वळ उमटला होता आणि त्याखालचा पाय फुगलेला. हे बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिले. नामदेवरावांनी शेंगांवर वरून आणखी मीठ घेतलं, खिशातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर टाकली.

"कसली गोळी?" यांनी विचारलं.

"गुडघ्याची. उभं राहून राहून दुखतात. रोज एक घेतली की दिवस निघतो."

"आणि पाय?"

"ते सुजतातच, भाऊ. आमच्या खात्यात सगळ्यांचे सुजतात."

"प्रेशर कधी बघितलं होतं?"

नामदेवराव हसले. "लग्न होऊ द्या. मग काय काय बघायचं ते बघू."

परतताना हे माझ्या कानाशी म्हणाले, "माझे पाय असेच होते. ट्रिपा मारून सुजतात म्हणायचो."

कर्जत, मंगळवार

दवाखान्यात शिरताच आधी वजन. डायलिसिसच्या पेशंटला लघवी जवळजवळ होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच साठतं आणि काट्यावर दिसतं. तिथल्या कविता सिस्टरनं काट्याकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"पाहुणचार झालेला दिसतोय, काका. काय, सुकट का बोंबील?"

"बोंबील," हे मान खाली घालून म्हणाले. सिस्टरनं त्यांना चांगलंच झापलं, आणि जास्तीचं पाणी काढताना पायात गोळे येतील, ओरडायचं नाही, अशी तंबीही दिली.

यांना आत नेल्यावर मी सवयीनं बाहेरच्या बाकड्याकडे वळले आणि थबकले. बाकड्यावर कुणीच नव्हतं.

यात नवल काय, असं तुम्हाला वाटेल. सोलापूरच्या आमच्या सेंटरबाहेरचं बाकडं कधी रिकामं नसतं. आत जितके पेशंट, तितकीच बाहेर माणसं. कुणी पिठाची गिरणी बंद ठेवून आलेली, कुणी कॉलेज बुडवून, कुणी रोजगारावर पाणी सोडून. मी शाळेतली नोकरी वेळेआधी सोडली, ती या बाकड्यावर बसण्यासाठीच. देशात अशी किती सेंटरं आणि त्यांच्याबाहेर किती बाकडी! खाटेवरचा माणूस आजारी म्हणून मोजला जातो. बाकड्यावरच्याला कुणी मोजत नाही. पण त्याचंही काम त्या दिवशी बंदच असतं.

आत डोकावले. पाच खाटा भरलेल्या. यांच्या शेजारी तिशीतली एक मुलगी एका हाताला नळ्या लावून दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर काम करत होती. पलीकडे पांढऱ्या मिशांचे एक आजोबा. आणि स्टुलावर एक बाई परातीत वाल सोलत बसलेली.

"तुमच्या घरचे कुठे आहेत?" मी त्या मुलीला विचारलं.

"कामावर," ती म्हणाली. तिचं नाव रोहिणी. शेलूला राहते आणि मुंबईतल्या एका ऑफिसचे हिशेब बघते. "आधी माझ्यासोबत भाऊ यायचा. त्याची नोकरी जायची वेळ आली. मारुतीकाकांचं तर पूर्ण घरच यायचं."

"मग आमी जमलो," आजोबा, म्हणजे मारुतीकाका, म्हणाले. "मी नेरळचा, ही शेलूची, तो पलीकडचा वांगणीचा. सगळे एकाच वाटंवरचे आन एकाच दिवसाचे. एक ईको गाडी ठरवली. ती सगळ्यांना दारातून उचलते, दारात सोडते. आन माणूस एकच थांबतो, पाळीनं. आज माझी सून सगळ्यांची नातेवाईक हाय."

स्टुलावरच्या बाईनं परात खाली ठेवली आणि हसून मान हलवली. "पुढच्या खेपेला रोहिणीचा भाऊ सगळ्यांचा नातेवाईक," ती म्हणाली.

ऐकायला किती साधं. एवढ्या वर्षांत त्या बाकड्यावर आम्ही एकमेकींना डबे दिले, रडलो, पेशंटची सगळी दुखणी सांगितली. पण पाळी लावावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्रत्येकीला वाटायचं, आपल्या माणसाजवळ आपणच हवं.

नामदेवराव आम्हाला सोडून गाडीतच बसले होते. यांनी मला सांगितलं, "त्यांना आत बोलव. म्हणावं, करमत नाही."

ते आले, पण दारातच घुटमळले. नळ्यांमधून फिरणारं रक्त बघून त्यांचा चेहरा उतरला. यांनी मोकळा हात हलवून त्यांना जवळ बसवलं. उपदेश काही केला नाही. मशीन कसं चालतं ते सांगितलं, एसटीचं इंजिन समजावून सांगावं तसं. मग नामदेवरावांचा हात घेऊन आपल्या डाव्या हातावर, जिथे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून घेतली आहे, तिच्या वरच्या बाजूला टेकवला. तिथे सतत थरथरतं.

"मोटर चालू असल्यागत लागतंय," नामदेवराव पुटपुटले.

"ही बंद पडली तर माझी गाडी बंद," हे म्हणाले.

पलीकडून मारुतीकाकांनी विचारलं, "तुमाला पण हाय का काय?"

"नाय, नाय. मी सोडायला आलोय."

"बरं हाय मग. मला सांगितलेलं डॉक्टरनी, प्रेशर हाय, गोळी चालू करा. मी म्हनलं, भात कापून होऊ दे. मग म्हनलं, झोडून होऊ दे. मग पोराचं लगीन." ते छताकडे बघत बोलत होते. "आता भात पोरगाच कापतो."

बऱ्याच वेळानं नामदेवराव उठले आणि कविता सिस्टरशी हळू आवाजात काहीतरी बोलले. सिस्टरनं तिथेच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिनं पुन्हा बांधला. मग त्यांना थेट डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली. रक्त आणि लघवी तपासायला देऊन ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"शैलाला सांगू नका, ताई," ते म्हणाले. "लग्नघर हाय."

केळवली, बुधवार

पण शैलाला कळलंच. रिपोर्ट आणायला ते दुपारी एकटेच गेले आणि परतल्यावर मांडवाच्या खांबाला टेकून बसले. हळदीची गडबड, बायका जात्यावर गाणी म्हणत होत्या. शैलानं चहा नेला, तर त्यांनी हात केला, नको म्हणून. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यानं सगळं सांगून टाकलं.

आम्ही चौघं मागच्या पडवीत बसलो. प्रेशर फार वाढलेलं होतं आणि बरीच वर्षं वाढलेलं असावं. त्यात रोजच्या दुखण्याच्या गोळ्या. किडन्यांना मार बसला होता. पण, आणि हा 'पण' डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितला होता, अजून खूप काही शिल्लक होतं. प्रेशरची गोळी रोज घ्यायची, गुडघ्याची बंद, मीठ कमी, तपासणी वेळच्या वेळी. एवढं केलं तर मशीनची वेळ कितीतरी वर्षं लांबवता येते; कदाचित येणारही नाही.

शैला रडायला लागली. "मला कधी बोलला नाहीत तुम्ही!"

"मला तरी कुठं म्हाईत होतं गं?" नामदेवराव वैतागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "व्याह्यांना कळता कामा नये. म्हणतील, बापच आजारी, पोरीच्या रक्तातबी काय असंल. आन कंपनीत कळलं तर मशीनवरून काढतील."

हे इतका वेळ ऐकत होते. "नामदेवराव, मी दोन वर्षं लपवलं. एसटीत कळलं तर स्टिअरिंग काढून घेतील म्हणून. शेवटी स्टिअरिंग गेलंच, आणि किडन्याही गेल्या. तुमच्या किडन्या अजून आहेत हो! माझ्याकडे असत्या तर मी गावभर सांगत फिरलो असतो."

प्राजक्ता दारात उभी होती. हळदीनं माखलेली, हातात बांगड्या. किती ऐकलं कोण जाणे. ती आली आणि वडिलांच्या पायाशी बसली.

"बाबा, मी सांगते त्यांना. ज्यांना चालणार नाय, त्यांनी आजच सांगावं."

"येडी हायेस काय गं तू?" नामदेवराव म्हणाले, पण तिचा हळदीचा हात त्यांनी आपल्या हातातून सोडला नाही. थोड्या वेळानं उठले, खिसे चाचपले आणि गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी काढून शैलाच्या हातात दिली. "सांगायचं तर मीच सांगेन. पोरीनं कशाला सांगायचं?"

कर्जत, गुरुवार

गुरुवारी मी सगळ्यांची नातेवाईक झाले. रोहिणीच्या भावाची पाळी होती. मी कविता सिस्टरकडून त्याला निरोप धाडला की तू कामावर जा, आज मी बसते. खरं सांगते, भीती वाटत होती. आपल्या माणसाचं सगळं ठाऊक असतं. परक्याचं काय करायचं?

निम्मा वेळ सुरळीत गेला. रोहिणीला मी चष्मा दिला, कुणाची चादर ओढली. मग मारुतीकाका एकाएकी पांढरे पडले. जांभई दिली, काहीतरी बोलले ते कळलं नाही. यांचं प्रेशर उतरतं तेव्हा अशीच जांभई येते. मी सिस्टरला हाक मारली आणि त्यांच्या पायांकडे धावले. तिनं खाट पायाकडून उचलली, मशीनचा वेग कमी केला, सलाईन सोडलं. काकांच्या पोटरीत गोळा आला होता, दगडासारखा. मी दोन्ही हातांनी तळवा धरून मागे दाबत राहिले. दोनच दिवसांपूर्वी पहिल्यांदा बघितलेल्या माणसाचा पाय.

हळूहळू रंग परतला. काकांनी डोळे उघडले आणि मला बघून गोंधळले.

"तुमी कोन?"

"आजची नातेवाईक," मी म्हणाले.

शेजारच्या खाटेवरून हे इतके जोरात हसले की सिस्टरनं त्यांच्या मशीनचाही आकडा तपासला. मीही हसले आणि मग मला रडू आलं. चार वर्षांत बाकड्यावर बसून मी एवढी कुणाच्या उपयोगी पडले नव्हते. घरी पोचल्या पोचल्या आमच्या सोलापूरच्या गिरणीवाल्या वहिनींना फोन करून पाळीची कल्पना सांगितली. त्या आधी नाही नाही म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "ईकोला पाच माणसं बसतात का हो?"

केळवली, शुक्रवार

लग्न दुपारचं होतं. नवरदेवाकडची मंडळी शेलूची. मुलाचे वडील परशुरामशेठ, भातगिरणीचे मालक, अंगानं भरभक्कम, पांढरा सफारी घातलेले. नामदेवरावांनी अक्षता पडायच्या आधीच त्यांना मांडवाच्या कडेला नेलं. मी लांबून बघत होते. नामदेवराव बोलत होते, शेठ मान खाली घालून ऐकत होते, आणि शैलानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. बोलणं संपलं. शेठ नुसतेच चालत जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. शैलाच्या डोळ्यांतलं पाणी आनंदाचं होतं की भीतीचं, ते तिलाही सांगता आलं नसतं. पंगत बसली. नामदेवरावांनी वाढप्याला सांगून मीठ आणि पापड परत पाठवला आणि बिनमिठाचा भात असा काही खाल्ला, जणू शिक्षा भोगताहेत. तरी खाल्ला.

पंगत उठल्यावर हे मांडवामागच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना मोजकं पाणी द्यायला गेले, तर परशुरामशेठ येताना दिसले. एकटेच. शैलाही मागून धावत आली आणि खांबाशीच थांबली. तिला वाटलं, आता बोलणार.

शेठनी इकडेतिकडे बघितलं. एक खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले.

"तुमीच ना ते डायलिसिसवाले भाऊ?"

"हो."

"नामदेवनी सांगितलं मला सगळं. माणूस खरा हाय." ते क्षणभर घुटमळले. मग वाकून त्यांनी पांढऱ्या पँटची कड वर केली आणि मोजा खाली सरकवला. "जरा माजेबी पाय बघता का?"

यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात परत दिला. पुढे झुकून शेठच्या नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ धरला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

"सोमवारी मोकळे आहात का?" यांनी विचारलं. "नामदेवराव कर्जतला डॉक्टरांकडे जाणार आहेत. त्यांच्या गाडीत जागा आहे."